इंजिनाची ‘नॉक’ पकडणारं सर्किट स्वतः बांधताना: सेन्सरपासून ईसीयूपर्यंत

वरच्या गियरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबला की काही इंजिनांतून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिन नॉक मारतंय.’ स्पार्कने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरत असते. तिच्यापुढे कोपऱ्यात कोंडलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतकं तापतं की ज्योत पोहोचायच्या आधीच ते आपोआप पेट घेतं. दाब एकदम उसळतो आणि त्याच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहतात. आपल्याला ऐकू येतो तो हाच आवाज. थोडा वेळ चालला तर इंजिन सहन करतं, पण भरपूर लोडवर चालू राहिला तर पिस्टनची कड, रिंगांमधली जागा, हेड गॅस्केट आणि बेअरिंग यांपैकी काहीतरी जातंच.

कंपनीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, हे ओळखणारं सर्किट आधीच असतं. अडचण येते ती मूळ ईसीयू काढून मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो, रूसईएफआय यांच्यासारखा किंवा स्वतः लिहिलेला ईसीयू बसवला की. ब्लॉकवरचा सेन्सर जागच्या जागी राहतो, पण त्याचं ऐकणारं कोणी उरत नाही. हा लेख त्या ‘ऐकणाऱ्या’बद्दल आहे. वाचकाला ऑप-ॲम्प आणि मायक्रोकंट्रोलर यांची तोंडओळख आहे असं धरून चालतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बहुतेकांचा वेळ ॲम्प्लिफायर चांगला करण्यात जातो. खरं तर ॲम्प्लिफायर हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. इंजिन सतत शंभर प्रकारचे आवाज करत असतं. त्यातला एक आवाज नेमका कधी ऐकायचा आणि बाकी वेळ कान कधी बंद ठेवायचे, हे जमलं तरच सर्किट उपयोगाचं.

कोणत्या सुरात ऐकायचं

नॉकचा सूर सिलिंडरच्या व्यासावर, म्हणजे बोअरवर ठरतो. बारीक घंटा उंच सुरात वाजते आणि मोठी घंटा खालच्या, तसंच. १९३० च्या दशकात चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी सिलिंडरमधल्या दाबलहरींचा जो अभ्यास केला, त्यातून आलेलं सूत्र आजही वापरतात: वारंवारता म्हणजे १.८४१ गुणिले वायूतला ध्वनीचा वेग, भागिले (३.१४, म्हणजे पाय, गुणिले बोअर). जळत्या वायूत ध्वनीचा वेग साधारण ९५० ते १००० मीटर प्रति सेकंद धरतात. मग कामापुरतं सूत्र असं उरतं: १८०० ला ३.१४ गुणिले बोअर (मिलिमीटरमध्ये) याने भागा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये येईल.

७४ मिमी बोअरला ७.७ किलोहर्ट्झ, ८६ मिमीला ६.७ आणि १०० मिमीला ५.७. पुढची सगळी उदाहरणं मी ८६ मिमी धरून देतो.

हा आकडा दगडावरची रेघ नाही. पिस्टन खाली जाताना वायू थंड होतो आणि सूर उतरत जातो. त्यामुळे फार अरुंद फिल्टर बांधण्यात अर्थ नाही. काही इंजिनांत या पट्ट्यात यांत्रिक खडखडाटच इतका असतो की नॉक त्यात बुडून जाते. तेव्हा वरच्या सुराकडे जायचं. ड्रेपरच्या पुढच्या मोडचा, म्हणजे दाबलहर हलण्याच्या पुढच्या प्रकाराचा, गुणक ३.०५४ आहे, म्हणजे तो सूर पहिल्याच्या सुमारे १.६६ पट उंच. आपल्या उदाहरणात तो ११ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. सुरुवात मात्र पहिल्या सुरापासूनच करा.

सेन्सर: एक बोल्ट, पण मनापासून घट्ट

बाजारात दोन जातीचे सेन्सर भेटतात. जुन्या गाड्यांत रेझोनंट सेन्सर असायचा. तो एका ठरलेल्या सुरालाच जोरात वाजतो आणि बऱ्याचदा त्याला एकच वायर असते, कारण परतीचा मार्ग ब्लॉकमधून जातो. दुसरा सपाट प्रतिसादाचा, मधे भोक असलेला, मेदूवड्यासारखा गोल सेन्सर. स्वतःचं सर्किट बांधणाऱ्याने हा दुसराच घ्यावा, कारण सूर ठरवण्याचं काम आपल्या हातात राहतं. बॉशचे या प्रकारचे सेन्सर सहज मिळतात. त्यांची संवेदनशीलता ५ किलोहर्ट्झला सुमारे २६ मिलिव्होल्ट प्रति जी आहे आणि कपॅसिटन्स साधारण ११५० पिकोफॅरड.

सेन्सर ब्लॉकवर, सिलिंडरच्या वरच्या भागाजवळ बसवा. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली जागा उत्तम. व्ही इंजिनात प्रत्येक बँकेला एक. पृष्ठभाग मशीन केलेला, स्वच्छ आणि रंग नसलेला हवा. सेन्सरखाली वॉशर घालायचा नाही, स्प्रिंग वॉशर तर नाहीच. एम ८ बोल्ट २० न्यूटन मीटर टॉर्कने आवळा, टॉर्क रेंचनेच. हे हौशी लोक सर्रास टाळतात आणि मग सर्किटमध्ये दोष शोधत बसतात. सैल सेन्सर कमी सिग्नल देतो, आणि वर स्वतःच खडखडतो.

वायर दोन पदरांची पिळलेली आणि शिल्ड असलेली घ्या. शिल्ड फक्त ईसीयूच्या टोकाला ग्राउंड करा. माझ्या पहिल्या बोर्डवर मी ती दोन्ही टोकांना जोडली होती. स्कोपवर दर स्पार्कला एक सुरेख सुई दिसायची आणि मी दोन दिवस तिलाच नॉक समजत होतो.

इनपुट

पूर्ण सर्किट ५ व्होल्टच्या एकेरी पुरवठ्यावर चालतं, म्हणून मधोमध २.५ व्होल्टचा आधार लागतो. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, मधल्या बिंदूवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे बफर म्हणून एक ऑप-ॲम्प. यापुढे ‘व्हीरेफ’ म्हणजे हा बिंदू. एकूण सहा ऑप-ॲम्प लागतात, तेव्हा एक एमसीपी ६०२४ आणि एक एमसीपी ६०२२ घेतले की भागतं. दोन्ही रेल-टू-रेल आहेत आणि त्यांची गेन-बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ आहे. घरात पडलेला एलएम ३२४ वापरायचा मोह आवरा. फिल्टरमध्ये तो मंद पडतो आणि सूर खाली घसरतो.

सेन्सरच्या दोन टोकांमध्ये २२० किलोओहम. प्रत्येक टोकातून १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, मग ओळीत ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि पुढे डिफरन्स ॲम्प्लिफायरची एकेक इनपुट. दोन्ही बाजूंच्या ४७-४७ च्या मधल्या बिंदूंना आपसात जोडणारा १०० पिकोफॅरड. त्याच बिंदूंवरून ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांकडे संरक्षक डायोड, बॅट ५४ एस चालेल. इग्निशनची धक्कादायक सुई आली तरी सेन्सरकडच्या ४७ किलोओहममुळे डायोडमधून जाणारा करंट नगण्य राहतो. फीडबॅकमध्ये ४७० किलोओहम आणि त्याला समांतर १० पिकोफॅरड. नॉन-इन्व्हर्टिंग बाजूला तसंच ४७० किलोओहम आणि १० पिकोफॅरड, पण व्हीरेफकडे. गेन येतो ५.

या आकड्यांमागे एक छोटी गंमत आहे. सेन्सरला दिसणारा एकूण रेझिस्टन्स जवळपास १०० किलोओहम होतो. सेन्सरच्या स्वतःच्या कपॅसिटन्सबरोबर तो सुमारे १.३ किलोहर्ट्झचा हाय-पास फिल्टर बनवतो. इंजिनाची जड, मंद थरथर फुकटात कापली जाते. वरच्या टोकाला १० पिकोफॅरडमुळे ३४ किलोहर्ट्झच्या आसपास उतार लागतो, त्यात रेडिओ आणि इग्निशनचा बराचसा कचरा जातो.

एकाच वायरचा सेन्सर असेल तर दुसरं इनपुट सेन्सरशेजारच्या ब्लॉकच्या ग्राउंडला वेगळ्या वायरने जोडा. ईसीयूच्या ग्राउंडला नव्हे. डिफरन्स ॲम्प्लिफायर ठेवण्यामागे कारणच ते आहे.

बँडपास फिल्टर

इथे मल्टिपल फीडबॅक रचना वापरू. मध्य ६.७ किलोहर्ट्झ, क्यू (पट्टा किती अरुंद ते सांगणारा आकडा) ३, गेन २. दोन्ही कपॅसिटर १ नॅनोफॅरडचे, सी० जी जातीचे. साधे सिरॅमिक कपॅसिटर तापमानाबरोबर सरकतात आणि बॉनेटखाली तापमान स्थिर नसतं. आर१, म्हणजे इनपुटचा रेझिस्टर, ३५.७ किलोओहम. आर२, म्हणजे मधल्या बिंदूवरून व्हीरेफकडे जाणारा, ४.४२ किलोओहम. आर३, म्हणजे फीडबॅकचा, १४३ किलोओहम. सगळे एक टक्क्याचे. गणिताने मध्य ६.७१ किलोहर्ट्झ येतो आणि पट्ट्याची रुंदी सुमारे २.२ किलोहर्ट्झ.

दुसऱ्या बोअरसाठी सूत्रं अशी. ओमेगा म्हणजे ६.२८ गुणिले वारंवारता. आर१ म्हणजे क्यू भागिले (गेन गुणिले ओमेगा गुणिले सी). आर२ म्हणजे क्यू भागिले ((दोन क्यू वर्ग वजा गेन) गुणिले ओमेगा गुणिले सी). आर३ म्हणजे दोन क्यू भागिले (ओमेगा गुणिले सी).

या रचनेचा मोठा फायदा आर२ मध्ये आहे. तो बदलला तर मध्य सरकतो, पण गेन आणि पट्ट्याची रुंदी हेर्ट्झमध्ये तेवढीच राहते. म्हणून आर२ च्या जागी ३.९ किलोओहम आणि ओळीत १ किलोओहमचा प्रीसेट लावा. मध्य ६.४ ते ७.१ किलोहर्ट्झ फिरवता येतो आणि इंजिनावर बसवल्यावर सूर जुळवायला हे फार उपयोगी पडतं.

रेक्टिफायर आणि इंटिग्रेटर

फिल्टरमधून येणारी लाट व्हीरेफच्या वरखाली हलते. तिची सरासरी शून्य, म्हणून आधी ती एका बाजूला वळवायची. दोन ऑप-ॲम्पचा नेहमीचा प्रिसिजन फुल-वेव्ह रेक्टिफायर घ्या: १० किलोओहमचे रेझिस्टर, अर्ध्या लाटेच्या वाटेवर १० किलोओहमचे दोन समांतर, आणि १एन ४१४८ चे दोन डायोड. पुस्तकातल्या आकृतीत जिथे ग्राउंड आहे तिथे व्हीरेफ. आउटपुट २.५ व्होल्टच्या वर उसळलं पाहिजे. खाली जात असेल तर दोन्ही डायोड उलटे बसलेत.

त्यापुढे इन्व्हर्टिंग इंटिग्रेटर: ४७ किलोओहम आणि २२ नॅनोफॅरड, म्हणजे सुमारे १ मिलिसेकंदाचा काळ. इनपुटच्या ओळीत एक ॲनालॉग स्विच, कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये १०० ओहमसह दुसरा. पहिला जोडला गेला की जमा सुरू, तुटला की आकडा धरून ठेवतो. दुसरा जोडला गेला की पाटी कोरी.

इंटिग्रेटर उलटा असल्यामुळे आउटपुट २.५ व्होल्टपासून खाली उतरतं. आवाज जितका मोठा तितका व्होल्टेज कमी. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, पण मी मुद्दाम तसंच ठेवलं आहे. आउटपुट २.५ च्या वर जातच नाही, म्हणून तेच सर्किट ५ व्होल्टच्या आणि ३.३ व्होल्टच्या, दोन्ही मायक्रोकंट्रोलरना चालतं. वजाबाकी सॉफ्टवेअरमध्ये करा. एडीसीच्या आधी १ किलोओहम ओळीत ठेवा.

ॲनालॉग स्विचसाठी ७४ एचसी ४०६६ ठीक, पण मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टचा असेल तर ७४ एचसीटी ४०६६ घ्या. ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसी चिपला ‘हाय’ म्हणून ३.५ व्होल्ट लागतात. ३.३ वर ती कधी चालते, कधी नाही. टेबलावर चालेल आणि गाडीत दगा देईल, अशा दोषांपैकी हा एक.

एवढी सोल्डरिंग नको असेल तर हेच सगळं एका चिपमध्ये मिळतं: एचआयपी ९०११ किंवा टीपीआयसी ८१०१. फिल्टरचा मध्य, गेन आणि इंटिग्रेटरचा काळ एसपीआयवरून ठरवता येतात. फिल्टरचा मध्य सुमारे १.२ ते २० किलोहर्ट्झमध्ये ६४ पायऱ्यांत निवडता येतो. दुसरी वाट पूर्ण डिजिटल: इनपुटच्या ॲम्प्लिफायरनंतर ५० किलोहर्ट्झने सॅम्पल घ्यायचे, ६४ सॅम्पलांवर गोएर्टझेल (एकाच वारंवारतेची ताकद मोजणारी गणिती रीत) चालवायचं आणि आपल्या सुराची ताकद काढायची. त्या वाटेने जाताना सॅम्पलिंगच्या आधी २५ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं नीट कापा, १० पिकोफॅरडवर विसंबू नका. मी मात्र शिकण्यासाठी सुटे भाग जोडायचा आग्रह धरेन. प्रत्येक टप्प्यावर स्कोप लावता येतो आणि आवाज कुठे हरवतो ते दिसतं.

खिडकी: खरं काम इथे आहे

नॉक होते ती पिस्टन वरच्या टोकावरून, म्हणजे टीडीसीवरून, खाली निघाल्यावर. म्हणून टीडीसीनंतर साधारण १० अंशांपासून ६० अंशांपर्यंतच इंटिग्रेटर चालू ठेवायचा. यालाच खिडकी म्हणू. ईसीयूला क्रँकची जागा माहीत असतेच. ६०-२ दातांच्या (६० पैकी दोन दात गाळलेल्या) चाकात एक दात म्हणजे ६ अंश, मधले अंश टायमरने मोजायचे. खिडकी उघडण्यापूर्वी ५० ते १०० मायक्रोसेकंद रिसेट, मग जमा, मग धरून ठेवलेला आकडा एडीसीने वाचायचा.

१५०० आरपीएमला ५० अंश म्हणजे ५.६ मिलिसेकंद, ६००० ला फक्त १.४. वेग वाढला की इंजिनाचा गोंगाट वाढतो, पण ऐकायचा वेळ कमी होतो. इंटिग्रेटरच्या आउटपुटवर या दोन गोष्टी बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात, आणि एकाच गेनवर पूर्ण पल्ला सांभाळता येतो.

आता खरी डोकेदुखी. चार सिलिंडरच्या १-३-४-२ क्रमाच्या इंजिनात पहिलं सिलिंडर पेटतं, तेव्हा चौथं एक्झॉस्ट स्ट्रोक संपवत असतं. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टीडीसीनंतर १०-२० अंशांवर आपल्या सीटवर आपटतो. त्याच वेळी तिसरं सिलिंडर कॉम्प्रेशन सुरू करत असतं आणि त्याचा इनटेक व्हॉल्व्ह ४०-६० अंशांच्या सुमारास बंद होतो. म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या खिडकीत दोन व्हॉल्व्हांचे टोले हमखास पडतात, एक सुरुवातीला आणि एक शेवटाला. इंजेक्टरची टिकटिक आणि पिस्टनचा धक्का वेगळाच.

उपाय दोन. कॅमची नेमकी टायमिंग माहीत असेल तर खिडकी थोडी अरुंद करून ते टोले बाहेर ठेवा, उदाहरणार्थ १८ ते ४५ अंश. ते जमत नसेल तर प्रत्येक सिलिंडरचा स्वतंत्र हिशेब ठेवा, कारण सेन्सरपासून प्रत्येक व्हॉल्व्हचं अंतर वेगळं आणि म्हणून प्रत्येकाचा नेहमीचा गोंगाटही वेगळा. चारही सिलिंडरना एकच मर्यादा लावलेली सर्किटं मी पाहिली आहेत. ती एक तर एका सिलिंडरला उगाच शिक्षा देतात, नाहीतर दुसऱ्याची नॉक सोडून देतात.

टेबलावरची तपासणी

सिग्नल जनरेटरमधून ६.७ किलोहर्ट्झची, ५० मिलिव्होल्ट पीकची साइन लाट १ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून इनपुटला द्या. हा कपॅसिटर सेन्सरची नक्कल करतो. फिल्टरच्या आउटपुटला सुमारे अर्धा व्होल्ट पीक दिसला पाहिजे. वारंवारता ३ किलोहर्ट्झला आणली की तो पाचव्या हिश्श्याच्याही खाली गेला पाहिजे. प्रीसेट फिरवून शिखर जागेवर आणा. मग दोन्ही स्विच कोडमधून चालवून इंटिग्रेटरचा उतार बघा: सरळ रेघ, आणि धरल्यावर सपाट. सपाट न राहता घसरत असेल तर बोर्डवर फ्लक्स राहिला असेल, तो पुसा.

इंजिनावर

पहिल्या फेरीत इग्निशनची टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, नेहमीपेक्षा काही अंश मागे ठेवा, म्हणजे नॉक होणारच नाही. आयडलपासून वरच्या आरपीएमपर्यंत, कमी आणि जास्त लोडवर, प्रत्येक सिलिंडरचा आकडा लॉग करा. हा इंजिनाचा स्वतःचा गोंगाट. यावरून आरपीएमप्रमाणे तक्ता बनतो. सगळ्यात वरच्या आरपीएमला इंटिग्रेटर शून्याला टेकत असेल तर ४७ किलोओहमच्या जागी १०० घाला. डिफरन्स ॲम्प्लिफायरच कापत असेल तर तिथले दोन्ही ४७० किलोओहम २२० वर आणा.

मग ओळख परेड. फिल्टरच्या आउटपुटला छोटा ॲम्प्लिफायर लावून हेडफोनवर ऐका. जुने ट्यूनर ब्लॉकला तांब्याची नळी लावून कानाने ऐकायचे, हे त्याचंच सुधारित रूप. २००० ते २५०० आरपीएमला, मध्यम लोडवर, एकेक अंश टायमिंग पुढे न्या. हेडफोनमध्ये तो कोरडा ‘टक’ आला की थांबा आणि लॉगमधला आकडा बघा. वरच्या आरपीएमला किंवा पूर्ण लोडवर मुद्दाम नॉक आणायची नाही, टर्बो इंजिनात तर अजिबात नाही. हे काम रोलरवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवणाऱ्या डायनोवर, करा. ड्रायव्हरने लॅपटॉपकडे बघायचं नाही.

मर्यादा ठरवायची पद्धत अशी: प्रत्येक सिलिंडरची चालती सरासरी, दर वेळी जुन्या सरासरीत फरकाचा सोळावा हिस्सा मिळवत जायचा. नवा आकडा सरासरीच्या दुपटीपेक्षा मोठा असेल तर नॉक. दुप्पट ही सुरुवात, इंजिनाप्रमाणे दीड ते तीनपट कुठेही स्थिरावेल. यात एक सापळा आहे. नॉक ठरलेला आकडा जसाच्या तसा सरासरीत मिसळलात तर सतत नॉक करणारं इंजिन हळूहळू ‘नेहमीचं’ ठरतं आणि सर्किट गप्प बसतं. असा आकडा मर्यादेवर कापून मगच मिसळा. ॲक्सिलरेटर झटकन दाबल्यावर सरासरी मागे पडते आणि खोटी नॉक दिसते, तेव्हा आरपीएमच्या तक्त्याला किमान पातळी म्हणून वापरा.

नॉक दिसली की त्या सिलिंडरची टायमिंग लगेच २ ते ३ अंश मागे. परत येताना घाई नाही, सेकंदाला अर्धा ते एक अंश. एकूण ८ ते १० अंशांवर थांबा. त्यापुढे टायमिंग मागे नेत राहिलात तर एक्झॉस्टचं तापमान चढतं. टर्बो असेल तर तिथे बूस्ट कमी करणं हाच योग्य मार्ग.

शेवटी कोडमधली काही ओळींचीच एक तपासणी विसरू नका. ३००० आरपीएमच्या वर कोणतंही इंजिन शांत नसतं. तिथे इंटिग्रेटर २.५ व्होल्टवरून हललाच नाही, तर इंजिन सुरळीत आहे असं समजू नका. सेन्सरची वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निघाला आहे. अशा वेळी ईसीयूने सगळ्या सिलिंडरांची टायमिंग ठरलेल्या सुरक्षित पातळीवर न्यावी आणि दिवा लावावा. मी हे प्रत्येक बोर्डवर कनेक्टर हाताने काढून तपासतो, इंजिन चालू असताना.